काळ्या जांग्याची कुस्ती

पांडू मातीच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहिला आणि शूटिंग थांबलं.

"पडायचं नाय," तो म्हणाला. "बाकी सांगाल ते करतो."

मी जराशी लांब, सुरूच्या सावलीत हातमशीन पुढ्यात घेऊन बसले होते. चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरू दाट आहे. वारा आला की सगळी झाडं एकदम सुस्कारा टाकतात. त्या आवाजात मुंबईहून आलेल्या माणसांची बोलणी मधूनमधून बुडत होती. समोर ओहोटीची ओली वाळू चकाकत होती आणि दोन माणसं चंदेरी कागद लावलेले मोठे फळे हातात धरून सूर्याचा उजेड मातीवर पाडत होती. जागेपणी मी असं काही पाहिलं नव्हतं.

मी शिवणकाम करते. चोळ्या, परकर, पोरांच्या चड्ड्या. मशीन मला सासऱ्यांनी शिकवलं. सिनेमावाल्यांचा ड्रेसमन, म्हणजे कपडे सांभाळणारा माणूस, तापाने बोईसरला पडून राहिला होता. त्यांचा मॅनेजर मशीन शोधत आमच्या वाडीत आला. यजमान म्हणाले, "जाईल ती. पण फार बोलत नाही."

"उत्तम," मॅनेजर म्हणाला. "बोलणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत."

सिनेमा कुस्तीच्या धंद्यावर होता. गावातला एक पैलवान जत्रेत कुस्ती जिंकतो. मुंबईचा ठेकेदार ती बघतो, त्याला उचलून शहरात नेतो, त्याची पोस्टरं लावतो आणि तिकिटं विकतो. जत्रेतली ती पहिली कुस्ती आमच्या किनाऱ्यावर घ्यायची होती. एवढीच गोष्ट आम्हाला ठाऊक होती. सिनेमा तुकड्या-तुकड्याने काढतात, शेवट आधी आणि सुरुवात मागून असंही करतात. पुरी गोष्ट फक्त डायरेक्टरसाहेबांना माहीत असते.

हिरोला कुस्ती येत नव्हती. त्याच्या जागी लढायला त्यांनी मुंबईहून एक डबल आणला होता. डबल म्हणजे हिरोसारखा दिसणारा दुसरा माणूस. चेहरा हिरोचा, बाकी अंग याचं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. पन्नाशीकडे झुकलेला, कान चुरगळलेले, एक गुडघा जरा दुखरा. आणि हिरोकडून हरायला त्यांनी आमच्या कोळीवाड्यातला पांडू घेतला होता. पांडू तेव्हा भरात होता. मुरब्याच्या जत्रेतला मानाचा नारळ दरवर्षी त्याचाच. होडीवर जाळं ओढून ओढून त्याचे खांदे कमानीसारखे झाले होते.

दोघांचे जांगे मी शिवले. जांग्या म्हणजे पैलवान लंगोटावर घालतात ती आखूड, घट्ट चड्डी. परक्या पुरुषाची मापं घ्यायला माझा हात धजत नाही. मी ज्याचं त्याचं जुनं कापड मागवते आणि त्यावरून बेतते. उस्तादाने आपला जुना जांग्या स्वतः आणून दिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "भाभी, धुतलेला आहे."

मॅनेजरने मला एक लाल आणि एक हिरवं कापड दिलं होतं. शिवून झालं तसं कॅमेरामनने दोन्ही जांगे सुरूच्या फांदीवर टांगले आणि गळ्यातल्या काळपट काचेतून बघितलं. मान हलवली. मग ती काच त्यांनी माझ्या हातात दिली. मी डोळ्याला लावली तर सगळा किनारा विझला. समुद्र राखेचा, झाडं राखेची, माझ्या हातातल्या बांगड्यासुद्धा राखेच्या. लाल आणि हिरवा जांग्या एकाच रंगाचे दिसत होते.

"कॅमेऱ्याला असंच दिसतं," ते म्हणाले. "कोण कुठला ते लोकांना कळणार कसं?"

म्हणून एक काळा करायचं ठरलं आणि एक पांढरा. पण पांढरं कापड उन्हात कॅमेऱ्याचे डोळे दिपवतं. ते चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केलं. हिरोचा काळा, हरणाऱ्याचा चहाचा. ती काच मला परत द्यावीशी वाटत नव्हती.

शिवताना उस्ताद जवळच्या ओंडक्यावर गुडघ्याला तेल चोळत बसे. तो मुंबईत स्टेडियमच्या कुस्त्या लढला होता. तारापूरकडे विजेच्या कारखान्याचं काम निघाल्यापासून हिंदी आमच्या कानांना नवी नव्हती, त्याची अर्धी-मराठी अर्धी-हिंदी मला सगळी कळे.

"तिथे ठेकेदार दुपारी सांगतो कोण जिंकणार," तो म्हणाला. "शाम को आम्ही तसं करतो."

मी मान वर केली.

"तिकीट किसका बिकता है, भाभी? जिंकणाऱ्याचं नाही. ज्याला हरताना बघायचं असतं, त्याचं. मी बारा गावचा राक्षस झालो. दाढी लावली, डोकं भादरलं. लोक शिव्या द्यायला पैसे मोजून येत."

"त्यांना कळत नाही?" मी विचारलं. दोन दिवसांत माझं तेच पहिलं वाक्य असावं.

"कळतं. तरी येतात." तो हसला. "जिंकायला ताकद लागते. हरायला अक्कल लागते. पाठ अशी पडली पाहिजे की आखिरी लाइनला ऐकू यावं आणि आपली कंबर मात्र शाबूत राहावी."

एवढं सगळं झालं आणि पांडूने घोडं अडवलं, ते मातीवरून. वाळूवर कुस्ती दिसायला बरी दिसेना, म्हणून मॅनेजरने आमच्या मारुतीच्या आखाड्यातली माती गाडीत भरून आणली होती. गावाने आनंदाने दिली. तेल, ताक, हळद घालून वर्षानुवर्षं मळलेली ती लाल माती. पांडूने चिमूट उचलून नाकाला लावली आणि त्याला ती ओळखू आली.

"मारुतीच्या मातीत खोटं पडायचं नाय," तो म्हणाला.

डायरेक्टरसाहेब थकलेले होते. "अरे, फिल्म आहे ही. सगळं खोटंच असतं."

"फिलम तुमची. माती आमची."

"दुसरी माती आणू."

"आता आणाल तरी ही इथून उचलायला पायजे. गाव उचलू देल?"

गाव सकाळपासून बसलं होतं. कोळीवाडा एका अंगाला, वाडीवाले दुसऱ्या अंगाला, पुढे पांडूचा बाप. तो तांडेल होता, होडीवरचा मुख्य. त्याने पोराकडे बघितलंसुद्धा नाही. तो मातीकडे बघत होता. त्याच्या वंशात त्या मातीत आजवर कोणी ठरवून पडला नव्हता. पांडू पडला असता तर उद्या होडीवर त्याच्याशी कोण कसं बोललं असतं हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. फक्त मुंबईकरांना नव्हतं.

हिरो संध्याकाळच्या गाडीने जाणार होता. डायरेक्टरसाहेब मातीच्या भोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "बरं. मग जिंक."

"म्हंजी?"

"लांबून कॅमेरा लावतो. चेहरे दिसणार नाहीत. काळा जांग्या तू घाल, उस्ताद पांढरा घालेल. लोकांना काळा तो हिरो. जवळचे शॉट हिरोवर घेतलेलेच आहेत. तू जिंक, तो हरेल."

मला वाटलं, सुटलं. पण पांडू हलला नाही.

"खोटं जिंकणं पण खोटंच ना, सायेब."

कोळीवाड्यातून कोणीतरी "बराबर" म्हणालं.

"मग काय करू मी?"

"खरी लढू द्या. हरलो तर हरलो. खरा हरलो तर माती काय बोलत नाय."

उस्ताद उठून उभा राहिला. गुडघा कुरकुरला. "लढू. खरी तर खरी."

डायरेक्टरसाहेबांनी त्याला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या मशीनपाशीच. मी सुई ओवत होते, मला कोण मोजतो.

"उस्ताद, काळाच जिंकला पाहिजे. रीळ थोडं उरलंय."

"मालूम है, साहब. त्याचेच पैसे घेतलेत मी."

"पण पोराला कळता कामा नये."

"वो भी मालूम है."

काळा जांग्या उस्तादाच्या मापाचा होता. पांडूच्या मांड्यांवर चढणार नव्हता. मी दोन्ही बाजू उसवून कळ्या घातल्या. कळी म्हणजे कापड अपुरं पडलं की मध्ये जोडायचा तिरका तुकडा. घाईचं काम होतं. माझ्या मनात भीती होती ती त्या कळ्यांची. गावासमोर शिवण उसवली तर पांडूची लाज जाईल आणि माझंही तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी प्रत्येक कळीवरून दोनदा टीप मारली.

कुस्ती लागली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. कोणी धुपाटणं फिरवून मातीवर धूर केला होता, जत्रेसारखा. त्या धुरात दोघं एकमेकांभोवती फिरत होते, इतके सावकाश की पाण्याखाली चालल्यासारखे. कॅमेऱ्याची खरखर आणि सुरूचा सुस्कारा, दुसरा आवाज नव्हता.

पांडूने पट काढला, म्हणजे खाली वाकून समोरच्याचा पाय ओढला. उस्ताद पडता पडता वळला आणि तिथेच काहीतरी झालं. मला कुस्तीतलं कळत नाही, पण माणसाची पाठ मला वाचता येते, तोच माझा धंदा. हरायचे पैसे घेतलेल्या माणसाची ती पाठ नव्हती. बारा गावच्या राक्षसाचीही नव्हती. लाल मातीचा वास गेला असेल नाकात. तो कोणा गावातला पंचविशीचा पोरगा झाला होता. त्याने पांडूला उचलला, कुशीवर घेतला आणि उताणा करायला लागला. एक खांदा मातीला टेकला. दुसरा वीतभर वर राहिला. दोन्ही टेकले की चितपट, कुस्ती संपली.

तांडेलाने डोळे मिटले.

वीतभराचं चार बोटं झालं. उस्तादाचं डोकं पांडूच्या मांडीपाशी दबलेलं होतं. तेवढ्यात कापड फाटल्याचा आवाज आला. मोठा, सरळ. पांडूचा काळा जांग्या मांडीपासून कमरेपर्यंत उघडला आणि आत लंगोट दिसला.

"कट," डायरेक्टरसाहेब ओरडले.

बायकांनी पदर तोंडाला लावले. पुरुष हसले, मोकळे झाल्यासारखे. दोघं सुटून उभे राहिले. माझी कळी गेली, मला वाटलं.

आखाड्याच्या मातीत बाईने पाय ठेवायचा नसतो. पांडू पंचा गुंडाळून तिथेच थांबला आणि उस्ताद तो जांग्या हातात घेऊन माझ्याकडे आला. मी पसरून बघितला. कळ्या जशाच्या तशा होत्या. एक टाकाही हललेला नव्हता.

शिवण ताणाने जाते तेव्हा उसवते. दोरा तुटतो, भोकं राहतात, कापड शाबूत असतं. इथे शिवण शाबूत होती आणि कापड गेलं होतं, उभ्या धाग्याच्या सरळ रेषेत, दुकानदार ठाण फाडतो तसं. असं कापड आपोआप जात नाही. आधी काठाला चीर पाडावी लागते, मग हाताने ओढावं लागतं. काठाला चीर होती. चीर ओली होती आणि तिच्या कडेला दातांची खूण होती.

मी वर बघितलं. उस्तादाच्या ओठाला काळा धागा चिकटला होता.

त्याने तो बोटाने काढला. दम अजून बसला नव्हता. "भूल गया था, भाभी," तो हळूच म्हणाला. "दो मिनिट भूल गया."

मी जांग्या दुमडून चीर आत घेतली.

"सोडला असता तर त्याला कळलं असतं. कोणी विचारलं तर सांग, कपडा कच्चा था."

शिंपिणीने आपलं कापड कच्चं होतं म्हणायचं म्हणजे हलवायाने मिठाईत माशी पडली म्हणण्यासारखं आहे. पण मी मान हलवली. ठिगळ लावून जांग्या परत दिला. पांडूने लांबूनच विचारलं, "काय झालं, वयनी?"

"कापड कच्चं होतं," मी म्हणाले. सगळ्या गावाने ऐकलं. माझा आवाज इतक्या लोकांनी एकदम कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्यांदा लागली तेव्हा उस्ताद फार सुंदर हरला. पांडूने ढाक लावली, म्हणजे वळून कमरेवरून फेकलं, उस्ताद हवेत गेला, धुरातून वळला आणि त्याची पाठ अशी पडली की मला सुरूखाली ऐकू आलं. कोळीवाडा मातीत धावला. पांडूला खांद्यावर घेतलं. तांडेल जागचा उठला नाही, नुसता पुन्हा पुन्हा चेहरा पुसत राहिला. उस्ताद कडेला बसून कंबर चाचपत होता. शाबूत होती.

सिनेमा पालघरला तंबूत लागला तो पुढच्या हिवाळ्यात. कोळीवाडा ट्रक करून गेला, आम्ही वाडीवाले एसटीने. वाऱ्याने पडदा हलत होता, त्यामुळे पडद्यावरचा आमचा समुद्र खऱ्यासारखा हलत होता. सगळं राखेच्या रंगाचं, मी काचेतून बघितलं होतं तसं. मग धूर आला आणि धुरात काळा जांग्या. "पांडू, पांडू" म्हणून पुरुषांनी आरोळ्या ठोकल्या. उस्ताद हवेतून वळून पडला. लगेच पडद्यावर हिरोचा चेहरा आला, घामाने डबडबलेला, हसरा. कोणाला राग आला नाही. पाठ आपल्या पांडूची होती.

अर्ध्या-पाऊण तासाने ठेकेदार मद्याचा पेला हातात घेऊन हिरोला म्हणाला, "तू जत्रेत जिंकलास असं वाटतं तुला? समोरच्याला मी विकत घेतला होता. तुझं नाव करायचं होतं मला, तिकिटं विकायला."

पुरुषांच्या बाजूला पांडू कुठे बसला होता ते मला दिसत नव्हतं, पण माना कुठे वळल्या ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांडू आमच्या ओटीवर आला. बसला नाही. हातात ओले बोंबील होते, ते त्याने खांबाला टांगले.

"वयनी, ती गोष्ट त्यांनी रचलेली," तो म्हणाला. "पिच्चरची."

"हो."

"पण त्या दिशी मी गेलोच होतो. चार बोटं ऱ्हायली होती. मलाच म्हाईत." मग त्याने विचारलं, "कापड खरंच कच्चं होतं का?"

"हो," मी म्हणाले.

त्याची नजर माझ्या मशीनवर गेली. त्या काळ्या कापडाचा उरलेला तुकडा मी वाया घालवला नव्हता, मशीनला गवसणी शिवली होती. रंग थोडा उतरला होता, पण कापड तेच होतं, ओळखू येत होतं. मी हात पुढे करेपर्यंत त्याने गवसणीचा काठ दोन्ही मुठींत धरला आणि ओढला. जाळं ओढणारे ते खांदे. दंडाच्या शिरा वर आल्या. दोरासुद्धा तुटला नाही.

त्याने काठ सोडला आणि तळव्याने नीट सारखा केला.

"उस्ताद पुन्हा कदी यायचा का इकडे?"

"नाही. पत्ता कोणाकडे नाही."

"चांगलं कापड हाय, वयनी," तो म्हणाला आणि उतरला.

त्याने बाहेर कोणाला काही सांगितलं नाही. त्या वर्षीच्या जत्रेत तो मुरब्याला गेला, आखाड्याला पाया पडला आणि नारळ न लढता दुसऱ्याला दिला. गुडघा दुखतो म्हणाला. त्याच्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. पुढच्या वर्षी लढला आणि जिंकला.

कोळीवाड्यात मात्र माझं कापड कच्चं ते कच्चंच राहिलं. अजून तिथली बाई चोळीला कापड आणते तेव्हा आधी दोन्ही हातांनी ताणून दाखवते आणि म्हणते, "वयनी, डबल टीप मारा हो." मी मारते. डबल टिपेला दोरा दुप्पट जातो, तेवढं एक सोसावं लागतं.